येतां हां

इंजिनाला दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. लाँच केरीला उशिरा का पोचली असं ज्याने त्याने विचारलं आणि जो तो इंजिनावर बोट ठेवून मोकळा झाला. इंजिन जुनं होतं, पण नीट सांभाळलेलं होतं. रत्नागिरीच्या बंदरात मी ते अख्खा दिवस स्वतःच्या हाताने उघडून, पुसून परत बसवलं. पंख्यात अडकलेलं जाळं कापून काढलं, पट्टे बदलले. मी कृष्णनाथ, डिचोलीजवळच्या सर्वणचा. खनिज वाहणाऱ्या बार्जींवर इंजिन सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं आहे. इंजिन खोटं बोलत नाही. समुद्राचं मला माहीत नाही, कारण मी नदीवरचा माणूस.

गोवा घटक राज्य झालं त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. किनाऱ्यावर नवी नवी हॉटेलं उभी राहत होती, आणि अशाच एका हॉटेलवाल्याने पर्यटकांना फिरवायला रत्नागिरीत एक लाँच विकत घेतली. लहानशी, पांढरी, पुढे दोन माणसं झोपतील एवढी केबिन, मागे बसायला फळ्या. ती पेडण्यातल्या केरीच्या धक्क्यावर आणून दिली की चालवायचं कायमचं काम बाबलीला मिळणार होतं.

बाबली म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, पद्मावतीचा, नवरा. केरीचा. चालायला लागायच्या आधी वल्हं धरायला शिकला असेल असा माणूस. त्या दिवसांत कोकणी की मराठी यावरून आमच्याकडे सोयऱ्या-सोयऱ्यांचं बोलणं तुटलं होतं. बाबली कोकणीवाला, मी मराठीवाला, आणि आम्ही दोघे तावातावाने भांडायचो ते मात्र कोकणीत. तो मला चिडवायला ‘मेस्त’ म्हणायचा. मेस्त म्हणजे मिस्त्री, कारागीर. मेव्हण्याला कोणी मेस्त म्हणतं का, म्हणून पद्मा रागवायची. पण लग्नापासून त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडायचं.

लग्नाला आठ वर्षं झाल्यावर पद्माला पहिल्यांदा दिवस गेले होते. सातवा महिना लागला होता. पोटुशी बायको घरी असताना नवऱ्याने समुद्र ओलांडू नये, असं त्यांच्याकडे मानतात. मासे मारायला जवळपास जाणं वेगळं, ओलांडून जाणं वेगळं. बाबलीने हसून घालवलं. “ओलांडतां खंय? वेंगुर्ल्याच्या पलतडीं वचून परत येतां,” म्हणाला. काम हातचं जाऊ द्यायची त्याची तयारी नव्हती, आणि मूल येणार म्हणून तर नाहीच नाही.

पद्माने मग मला बोलावून घेतलं. तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि उभीच राहिली.

“दादा, तूं वच ताच्यावांगडा,” ती म्हणाली. “ताका घरा हाड.”

“हाडटां गो. खंय उडोवन येवं ताका?”

“फकांडां करूं नाका. म्हज्याखातीर हाड.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मी चेष्टा थांबवली. जातो त्याच्याबरोबर आणि त्याला घरी आणतो, म्हटलं. एवढंच माझ्याकडे मागितलं होतं तिने.

निघतानाचं एक सांगायला हवं. आपल्याकडे निघणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. कोकणीत ‘येतां’. आणि घरातलं माणूस म्हणतं, ‘यो’. म्हणजे ये. सगळेच म्हणतात, कोणी लक्ष देऊन म्हणत नाही. पण बाबलीचं तसं नव्हतं. पद्माने ‘यो’ म्हटल्याशिवाय तो पायरी उतरायचा नाही. ती मागीलदारी असली तर ओरडून ‘येतां’ म्हणायचा, ऐकू गेलं नाही तर परत ओरडायचा, बस चुकली तरी चालेल. मी त्यावरून त्याची पुष्कळ थट्टा केली होती. त्या दिवशीही तो पायरीवर ताटकळत उभा होता. पद्मा आतून ‘यो’ म्हणाली, मग निघाला.

रत्नागिरीहून आम्ही संध्याकाळी निघालो. वारा पडलेला होता, समुद्र शांत. रात्रभर सरळ दक्षिणेला चालायचं आणि उजाडताना तेरेखोलच्या नदीत शिरायचं, असा बाबलीचा हिशोब. तो सुकाणूवर उभा राहिला की वेगळाच माणूस व्हायचा. बडबड बंद. कंपासकडे एकदा बघायचा, मग बराच वेळ नुसता अंधारात बघायचा. किनारा लांब ठेवून, खडकांच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जायचं त्याने ठरवलं होतं. मालवणच्या आसपास पाण्याखाली खडक फार आहेत म्हणे.

मला चैन पडेना. नदीला दोन काठ असतात. रात्रीही काठावर एखादा दिवा असतो, कुत्रं भुंकतं, कोणाच्या तरी चुलीचा धूर येतो. इथे काहीच नव्हतं. मी उठून इंजिन बघून यायचो, बसायचो, परत उठायचो. तेल बरोबर, पाणी बरोबर, आवाज बरोबर. घरून आणलेले उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, कडक झाले होते, ते चहात बुडवून खाल्ले. बिडी पेटवली तर तीही गोड लागेना.

“मेस्त,” बाबली म्हणाला, “तूं बस रे. तुका पळोवन म्हाकाच भोंवळ येता.”

“नदी बरी,” मी म्हटलं.

“नदी बरीच. पूण ती वता खंय? हांगाच मगे!” नदी शेवटी इथेच येते, असं त्याचं म्हणणं.

देवगडचा दिवा मागे पडला. पुष्कळ वेळाने डाव्या अंगाला, फार लांब, वेंगुर्ल्याच्या खडकांवरच्या दीपगृहाचा दिवा दिसू लागला. बाबलीने मला तो दाखवला. हा दिवा डावीकडे ठेवून कंपासचा काटा आहे तिथे धरायचा, बाकी काही करायचं नाही, एवढं समजावलं आणि तो केबिनमध्ये जाऊन आडवा झाला. लगेच घोरायलाही लागला. मी सुकाणू धरून उभा राहिलो. काम मिळाल्यावर जरा बरं वाटलं.

थोड्या वेळाने इंजिन अडखळलं. टाकीच्या तळाचा गाळ डिझेलच्या फिल्टरमध्ये आला होता. तो दोष इंजिनाचा नव्हे, डिझेलचा. मी इंजिन बंद केलं, बॅटरी तोंडात धरून फिल्टर काढला, पुसला, परत बसवला. पाच-दहा मिनिटांचं काम. हात ग्रीसने बरबटले. बाबलीला मी उठवलं नाही, कारण उठवण्यासारखं काही नव्हतं.

इंजिनाचं झाकण लावून मी मागच्या फळीवर बसलो आणि बिडी काढली. इंजिन बंद असल्यामुळे शांतता फार मोठी वाटत होती. लाँच हळूहळू वर-खाली होत होती. दिव्याचा झोत फिरून गेला, अंधार झाला, परत फिरून गेला.

“पात्रांव, आगपेटी आसा?”

मी दचकलो नाही. आता याचं आश्चर्य वाटतं, पण खरंच दचकलो नाही. लाँचच्या अगदी कुशीला एक होडी होती, एकट्या माणसाची, वल्ह्याची. तीत एक जण उकिडवा बसला होता. पात्रांव म्हणजे मालक. गोव्यात अनोळखी माणसाला असं म्हणायची रीत आहे. धक्क्यावर मला रोज दहा माणसं पात्रांव म्हणतात. नदीवर रात्री होड्या बार्जीजवळ येतात, आगपेटी मागतात, थोडं बोलतात, जातात. मी त्याच सवयीने खिशातली आगपेटी काढून हात लांब केला.

त्याने ती घेतली. पेटवली मात्र नाही. हातात धरून बसला.

“खंय वतात?” त्याने विचारलं.

“घरा. केरी.”

“घरा,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “घरांत कोण आसा?”

“म्हजी भयण. हो म्हजो भावोजी, न्हिदला भितर.” आणि मग, कोणी न विचारता, मी म्हटलं, “भयण गुरवार आसा.” म्हणजे तिला दिवस गेले आहेत.

“बरें,” तो म्हणाला. “बरें जालें.”

झोत फिरून आला तेव्हा मी त्याचं तोंड बघायचा प्रयत्न केला. तो खाली बघत होता. डोक्याला पंचा गुंडाळलेला होता. होडीत जाळं दिसलं नाही, मासेही दिसले नाहीत. जुन्या, ओल्या बांबूसारखा वास मात्र येत होता.

“येतां हां, पात्रांव,” तो म्हणाला.

“यो,” मी म्हटलं.

होडी अंधारात गेली. वल्ह्याचा आवाज ऐकल्याचं आठवत नाही. आगपेटी परत दिली नाही म्हणून मी मनातल्या मनात त्याला एक शिवी दिली आणि इंजिन चालू केलं.

इंजिन एका झटक्यात लागलं. आवाज स्वच्छ होता. पण लाँच पहिल्यासारखी चालेना. बार्ज रिकामी असताना आणि भरलेली असताना एकच इंजिन वेगवेगळं बोलतं, हे मला झोपेतही कळतं. हे भरल्या बार्जीसारखं बोलत होतं. मी थ्रॉटल वाढवला. नाक वर उचललं जात होतं आणि मागची बाजू खाली बसत होती. बॅटरी घेऊन वाकून पाहिलं. तळात पाणी नव्हतं. मागे दोर अडकलेला नव्हता.

बाबली केबिनच्या दारात उभा होता.

“कोण आयला?” त्याने विचारलं.

“कोण ना. न्हिद तूं.”

“मेस्त, लाँच जड जाल्या. कोण आयला?”

मी त्याला सांगितलं. होडीवाला आला होता, आगपेटी घेऊन गेला.

“हांगा?” बाबली म्हणाला. “वल्ह्याची व्हडी, हांगा?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जमीन इतकी लांब होती की दीपगृहाचा दिवा सोडला तर एकही उजेड दिसत नव्हता. एकटा माणूस वल्हं मारत इथवर येत नाही. 

“वतना कितें म्हणलें ताणें?”

“येतां म्हणलें.”

“आनी तुवें?”

“यो म्हणलें. आनी कितें म्हणपाचें मरे? शिवी दिवपाची?”

बाबली फळीवर बसला. मला वाटलं तो आता चेष्टा करील. त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

“दर्यार कोण कोणाक येतां म्हणना, मेस्त,” तो म्हणाला. “दोन व्हडयो वेगळ्यो जातात, ओगीच वतात. कोणूच कांय म्हणना. आनी कोणें म्हणलें जाल्यार जाप दिनात.” जाप म्हणजे उत्तर.

“म्हाका कितें खबर? नदीर सगळे म्हणटात.”

“नदीर म्हणूं येता,” तो म्हणाला. रागावून नव्हे. लहान मुलाला समजवावं तसं.

मी त्याला म्हटलं, हे सगळं थोतांड आहे, कुठला तरी मासेमार मोठ्या ट्रॉलरवरून होडी घेऊन उतरला असेल. तो हो म्हणाला. सुकाणू त्याने हातात घेतलं. लाँच चालत राहिली, जड, मागे बसलेली. आम्ही दोघेही पुढे बघत होतो. मागे बघायचं कोणी ठरवून टाळत नव्हतं, पण कोणी बघतही नव्हतं.

दंव पडायला लागलं. त्या मोसमात समुद्रावर दंव फार पडतं. टप, कठडे, फळ्या, सगळं ओलं झालं. माझ्या केसांतून पाणी ओघळायला लागलं. इंजिन बघायच्या निमित्ताने मी मागे गेलो आणि बॅटरी लावली.

मागच्या फळीवर दंवाचे थेंब दाट बसले होते. एका जागी मात्र फळी कोरडी होती. एक माणूस बसेल तेवढीच.

मी हात लावून पाहिलं. कोरडी, आणि गार.

ओल्या बांबूचा वास येत होता.

मी परत आलो. बाबलीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाला, “तुवें ताका घर सांगलें?”

“सांगलें.”

“पद्माचें?”

मी मान हलवली. त्याने डोळे मिटले.

“घरा येवंक दिवप ना ताका,” तो म्हणाला. “पद्मा घरांत आसा.”

“मागीर कितें करपाचें?”

“सोयरो आयलो जाल्यार कितें करतात? पावोवंक वतात.”

पाहुण्याला पोचवायला जातात. रात्रीची वेळ असली तर घरातला माणूस दिवा घेऊन गावाच्या सीमेपर्यंत जातो, पाहुणा पुढे गेला की परत येतो. हे तो समुद्राच्या मध्यावर मला सांगत होता. मी त्याचा सदरा धरला. त्याला म्हटलं, शहाण्यासारखा उभा राहा, थोड्या वेळात उजाडेल, उजाडलं की काही नसतं. पद्माला मी शब्द दिला आहे.

“म्हणूनच,” तो म्हणाला. माझी बोटं त्याने एकेक करून सोडवली. “तूं सुकाणू धर. काटो आसा थंय दवर. फाटीं पळोवं नाका.”

“बाबली.”

“पावोवन येतां ताका. कळ्ळें मरे, मेस्त? परत येतां.”

त्याने माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि मागे गेला.

मी काट्याकडे बघत राहिलो. मागून त्याचा आवाज यायला लागला. अगदी घरच्यासारखा बोलत होता. यंदा बांगडा कसा आहे, पाऊस लांबला, केरीच्या देवळाचं छप्पर नवं घातलं. मधे मधे थांबायचा. कोणी काही बोललं की त्याचं ऐकायला थांबतात, तेवढा.

मला दुसरा आवाज ऐकू आला नाही.

मग बाबली उठल्यासारखं वाटलं. फळी करकरली.

“येतां हां, मेस्त.”

माझी जीभ उचलेना. मघाशी याच शब्दांना मी ‘यो’ म्हटलं होतं.

“मेस्त! येतां!”

तो थांबला होता. पायरीवर थांबायचा तसाच. मी बोललो नाही तर तो तिथून हलणार नाही, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, हलेल, आणि माझ्या बोलण्यावाचून गेला तर परत कसा येईल?

“यो!” मी ओरडलो. “यो मरे, बाबली! यो!”

लाँचची मागची बाजू वर आली.

इंजिन मोकळं झालं. रिकाम्या बार्जीसारखं धावायला लागलं.

पाण्यात काही पडल्याचा आवाज झाला नाही. मी वळून पाहिलं. फळीवर कोणी नव्हतं.

उजाडेपर्यंत मी तिथेच फिरत राहिलो. फेऱ्या मारल्या, इंजिन बंद करून हाका मारल्या, परत चालू केलं. घसा बसला. पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं, त्यावर काही तरंगत नव्हतं. सूर्य वर आला आणि आता डिझेल पुरणार नाही असं दिसलं, तेव्हा मी लाँच किनाऱ्याकडे वळवली. रडत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पद्माला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. आधी तिला सांगायचं, मग पोलिसांकडे जायचं. तिच्या पोटात सात महिन्यांचं मूल. हे शब्द तोंडातून कसे काढायचे, ते मी परत परत जुळवत होतो आणि ते जुळत नव्हते.

तेरेखोलचा किल्ला डावीकडे दिसला. कसाबसा मी नदीच्या मुखातून आत शिरलो. धक्क्यावर माणसं जमली होती. एकाने दोर पकडला आणि म्हणाला, “इतलो वेळ कित्याक? इंजिन मेलें?” मी धक्क्यावर उडी मारली. नीट बांधलं की नाही ते न बघता घराच्या वाटेला लागलो.

पद्मा दारातच उभी होती. हसत होती.

“पावलो एकदाचो!” ती म्हणाली. “तो तुज्या आदीं येवन पावलो. न्हाता.”

मी पायरीवर बसलो.

तिला वाटलं मी दमलो. पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला आणि भडाभडा बोलायला लागली. उजाडायच्या आधीच आला म्हणे. वाटेत एक होडी भेटली, तिच्यातून आलो म्हणाला. तुला एकट्याला टाकून आला म्हणून ती त्याच्यावर रागावलीसुद्धा. मागीलदारी विहिरीवर पाणी ओतल्याचा आवाज येत होता. घागर ओतली जायची, रहाट करकरायचा, परत ओतली जायची.

होडी भेटली. होय, तसंही झालं असेल. तो पोचवायला गेला, त्या होडीवाल्याने त्याला किनाऱ्यावर सोडलं. माझ्या अंगात जीव आला. मी हसलोसुद्धा.

“केन्नाच्यान न्हाता तो,” पद्मा म्हणाली. “बांय सुकोवपाक लागला! आनी म्हणटा कितें, खबर आसा? कितल्या तेंपान गोडें उदक मेळ्ळें म्हणटा. एक रात दर्यार रावलो, आनी कितल्या तेंपान!”

किती काळाने गोडं पाणी मिळालं, असं तो म्हणाला म्हणून ती खळखळून हसली. माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला.

खिडकीच्या कट्ट्यावर आगपेटी होती. मी उचलून पाहिली. तिच्यावर ग्रीसने बरबटलेल्या अंगठ्याचा ठसा होता. माझा. आतल्या काड्या कोरड्या ठणठणीत होत्या.

तो पंच्याने डोकं पुसत आत आला. बाबलीच होता. भुवईवरची जुनी खूण, पुढचा अर्धा दात, सगळं जिथल्या तिथे. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. मग पद्माकडे बघत उभा राहिला, तिच्या पोटाकडे, बराच वेळ. पद्मा लाजली.

मी त्याच्या बोलण्याची वाट बघत होतो. त्याने मला ‘मेस्त’ म्हणावं, एकदा म्हणावं, एवढंच मला हवं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला. उकिडवा. बाबली नेहमी मांडी घालून बसायचा. पण रात्रभर उभ्याने काढलेल्या माणसाने कसं बसावं, यावर मी काय बोलणार?

मी पद्माला बाहेर बोलावलं. म्हटलं, चल माझ्याबरोबर कुळारा, आत्ताच चल. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं की नाही?

“णवव्या म्हयन्यांत येतां, दादा,” ती म्हणाली. “आतां ताका सोडून खंय वचूं? तुवेंच हाडून दिलो न्हय ताका?”

तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. आठ वर्षांत मी तिला इतकी सुखी पाहिली नव्हती. काय सांगणार होतो मी तिला? की मी रात्री दोघांना ‘यो’ म्हटलं, आणि आला तो एकच?

मी पिशवी उचलली आणि काही न बोलता पायऱ्या उतरलो. अंगणातल्या माडापर्यंत गेलो असेन, पद्मा ओरडली.

“दादा! अशें मुकाट्यान वतात? येतां म्हण!”

मी वळलो. ती पोटावर हात ठेवून दारात उभी होती. तिच्यामागे ओटी अंधारी होती.

“येतां, बाय,” मी म्हटलं.

तिने ‘यो’ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या मागून, बाबलीच्याच आवाजात, उत्तर आलं.

“यो, पात्रांव.”